दुसरी आयडी आणि तोडीची जोड

बारामतीत कॉलेज सुटायच्या वेळी भिगवण रस्त्यावरच्या चहाच्या गाड्याशी उभं राहिलं, की पोरांच्या घोळक्यातून एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'मेनवरून येऊ का दुसरीवरून?' मेन म्हणजे ऑनलाइन गेममधली मुख्य आयडी. तिच्यावर वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेला रँक असतो. दुसरी म्हणजे त्याच माणसानं वेगळ्या जीमेलवर उघडलेलं नवं खातं. रँक खालचा, लेव्हल कमी, बोटं मात्र तीच.

मुरलेले खेळाडू हे दुसरं खातं का ठेवतात, आणि त्यांनी ते ठेवावं का, यावर इंदापूर तालुक्यातल्या एका घरात रंगलेला हा वाद. मामा शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात आणि जत्रांच्या हंगामात कुस्तीच्या आखाड्यात पंच म्हणून उभे राहतात. भाची बारामतीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि बीजीएमआय या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये तिची मेन आयडी 'एस' या वरच्या पातळीवर आहे. वादाला निमित्त झाला मामांचा नववीतला मुलगा.

मामा : काल रात्री धाकटा मोबाइल आपटायच्या बेतात होता. गेममधल्या पोचिंकी गावातल्या एका घरात वरच्या मजल्यावर दबा धरून बसला होता म्हणे. लांबून कुणीतरी तीन गोळ्यांत आडवा केला. मारणाऱ्याची लेव्हल बघितली तर सहा. मला तुमच्या गेममधलं फार कळत नाही, पण कालपरवा आलेला गडी असा मारतो का?

भाची : नाही मारत. नवख्याला तेवढ्या लांबचा माणूस दिसतच नाही, आणि दिसला तर गोळी सुटल्यावर बंदूक वर उडते. मेल्यावर धाकट्यानं त्या माणसाला स्पेक्टेट केलं, म्हणजे त्याचा पुढचा खेळ बघितला, आणि स्क्रीन रेकॉर्ड केली, ती मी बघितली. त्यानं बंदुकीवरचा सिक्स-एक्स स्कोप खाली थ्री-एक्सवर आणून ठेवला होता. एम-फोरची अख्खी मॅगझिन सोडली तरी नेम समोरच्याच्या छातीवरून हलला नाही. आयडी आठवड्याची असेल, हात हजारो मॅचचे आहेत.

मामा : म्हणजे तुझ्यासारखाच कुणीतरी. तुझीही दुसरी आयडी आहे, हे मला धाकट्यानंच सांगितलं.

भाची : आहे की. मी कुठं लपवते?

मामा : नाव बदलून खेळायचं आणि वर म्हणायचं, लपवत नाही! अगं, नवख्या पोरांना धोपटण्यात कसली आलीय मर्दुमकी?

भाची : मामा, तुम्ही निकाल आधी दिला, आता कुस्ती तरी बघा. दुसरी आयडी उघडणारा प्रत्येक जण पोरं धोपटायलाच येतो, असं नसतं. माझंच सांगते. मेनवर प्रत्येक मॅचचे पॉइंट मिळतात नाहीतर जातात. मागच्या वर्षी मी जायरोस्कोप लावायला घेतला. म्हणजे नेम अंगठ्यानं न धरता फोन तिरका करून धरायचा. सवय होईपर्यंत हात लुळा पडल्यासारखा होतो. दरवाजासमोर उभा असलेला गडी सुटतो. त्या अवस्थेत मेनवर बसले असते तर माझे पॉइंट गेले असते ते गेलेच, पण माझ्या भरवशावर बसलेल्या तिघांचेही गेले असते. त्यांनी का भोगावं?

मामा : सरावासाठी तालीम असते. तुमच्यात ट्रेनिंग ग्राउंड नाही?

भाची : आहे. तिथं पुतळ्यांवर गोळ्या झाडायच्या. टीडीएम आहे, म्हणजे दोन टीमची छोटी लढत, तिथं मेलं की लगेच जिवंत. पण शेवटच्या वर्तुळात दहा माणसं उरलीत, पाय वाजले तरी मरण, अशा वेळी हात कसा चालतो हे खऱ्या मॅचमध्येच कळतं. तालमीत शंभर डाव मारणारा पैलवान हलगी वाजायला लागली की गडबडतो, हे तुम्हीच सांगता ना?

मामा : सांगतो. पण तालमीत त्याच्याशी झोंबणाऱ्या गड्याला ठाऊक असतं की हा आज नवा डाव घोटतोय. तुझ्या समोरच्याला काय ठाऊक असतं?

भाची : काही नाही. हे मान्य. पण जायरो शिकताना मी खालच्या पातळीच्याच लायकीची होते, हेही तितकंच खरं. त्या दिवसांत माझी खरी ताकद त्या नव्या आयडीच्या जवळपास होती.

मामा : आणि शिकून झाल्यावर? आयडी बंद केलीस?

भाची : नाही केली. कारण तोवर दुसरं काम निघालं. वालचंदनगरची माझी शाळेतली मैत्रीण खेळायला लागली. मी मेनवरून तिच्याबरोबर बसले, तर समोर माझ्या तोडीचे लोक येतात आणि ती उतरल्या उतरल्या मरते. काही गेममध्ये तर रँकचं अंतर जास्त असलं की एकत्र रँक मॅच खेळताच येत नाही. व्हॅलोरंटमध्ये तसा नियमच आहे. मग मैत्रिणीबरोबर खेळायचंच नाही का?

मामा : खेळा की. पण तुम्ही चौघं बसता आणि मॅच असते शंभरांची. तुमच्या चौघांच्या गप्पा रंगाव्यात म्हणून बाकीच्या शहाण्णवांनी मरायचं?

भाची : खालच्या पातळीवर त्यातले बरेच बॉट असतात, गेमनंच चालवलेले.

मामा : पण सगळे नसतात. आमचा धाकटा बॉट नाही.

भाची : नाही, तो माणूस आहे. पॉइंट तुमचा. आता तिसरं कारण ऐका, हे तुम्हाला आवडणार नाही. माझ्या मेन आयडीच्या नावावरून कळतं की मी मुलगी आहे. रँडम स्क्वॉडमध्ये माईक ऑन केला की पहिल्या मिनिटात काय काय ऐकावं लागतं, ते तुमच्यासमोर बोलता येणार नाही. कुणी नंबर मागतो, कुणी घाणेरडं बोलतो, कुणी मुद्दाम माझ्यावरच ग्रेनेड टाकतो. मॅच संपल्यावर रिक्वेस्ट आणि मेसेज सुरू. रिपोर्ट करून थकले. मग एक दिवस दुसऱ्या आयडीला असं नाव दिलं की ज्यावरून बाई की बुवा काही कळू नये. माईक बंद ठेवला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी नुसती खेळले.

मामा : हे घरी कुणाला बोलली नाहीस?

भाची : बोलले असते तर 'मग खेळूच नकोस' हेच ऐकलं असतं.

मामा : ऐकलं असतंस, खरंय. मी पण तेच म्हणालो असतो बहुतेक. बरं, या कारणाला माझी हरकत नाही. कुणी त्रास देत असेल तर नाव झाकायचा हक्क आहेच माणसाला.

भाची : आणि नुसतं त्रासासाठीच का? माणसाला एकाच नावात कोंडायचं कशाला? राम गणेश गडकऱ्यांनी कविता 'गोविंदाग्रज' नावानं लिहिल्या आणि विनोदी लेख 'बाळकराम' नावानं. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' होऊन भल्याभल्या लेखकांच्या टोप्या उडवायचे. त्या काळातल्या दुसऱ्या आयडीच म्हणायच्या.

मामा : उदाहरण झकास आहे, पण ते माझ्या बाजूनं पडतंय. गोविंदाग्रजांनी आपली कविता शाळकरी पोरांच्या काव्यस्पर्धेत नाही पाठवली. नाव वेगळं घेतलं, पण उतरले आपल्या तोडीच्या मैदानात. नाव झाकणं वेगळं आणि ताकद झाकणं वेगळं, मी एवढंच म्हणतोय.

भाची : पण ही पद्धत सुरू कशी झाली, ते ऐका. १९९६ च्या आसपास 'वॉरक्राफ्ट टू' नावाच्या गेममध्ये दोन खेळाडू इतके पट्टीचे झाले की त्यांचं नाव दिसलं की समोरचे खेळायलाच बसेनात. मग त्यांनी बेल्जियन चित्रकथेतल्या निळ्या बुटक्यांची नावं घेतली, एकानं पापा स्मर्फ आणि दुसऱ्यानं स्मर्फेट. लोक खुशाल खेळायला आले आणि हरले. तेव्हापासून अशा खात्याला जगभर 'स्मर्फ' म्हणतात. त्यांना कुणाला धोपटायचं नव्हतं हो, त्यांना जोडच मिळत नव्हती. वरच्या पातळीवर आजही तेच होतं. खेळाडू थोडे, त्यामुळे मॅच जुळायला वेळ लागतो. रात्री अकराला एक मॅच खेळून झोपायचं असतं, आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत बसतं.

मामा : जोड न मिळणं हे दुखणं मला चांगलं माहीत आहे. जत्रेत नावाजलेला पैलवान आला की समोर कुणी उतरत नाही. पण मग पंच काय करतो? आमच्याकडं सुरुवातीच्या कुस्त्या रेवड्यांवर, बारक्या पोरांच्या. मग इनाम चढत जातं आणि शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची. पंच दोन गडी समोरासमोर उभे करतो. उंची बघतो, मान बघतो, कान बघतो. कान मुडपलेला असला की समजायचं, गडी जुना आहे. शंका आली तर विचारतो, 'कुठल्या तालमीचा? वस्ताद कोण?' एखादा परगावचा तयार पैलवान फाटका सदरा घालून बारक्या इनामाच्या कुस्तीला उभा राहिला, तर पब्लिकच बोंब मारतं, 'जोड तोडीची नाही!' त्याला कडेला बसवतात आणि म्हणतात, तुझी जोड लागेल तेव्हा ये. नाही लागली, तर नारळ घे आणि घरी जा. जोड मिळत नाही म्हणून रेवड्यांच्या कुस्तीत उतरायची मुभा कुणालाच नसते.

भाची : तुमच्या पंचाला कान दिसतो. आमच्या पंचाला नुसते आकडे दिसतात. त्या आकड्यांचं गणित मुळात बुद्धिबळातून आलंय. आर्पाद एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन प्राध्यापक होते, विषय भौतिकशास्त्र. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल, तर वरच्यानं शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा. फरक ४०० चा असेल तर ९१. अपेक्षेपेक्षा जास्त जिंकलात तर रेटिंग चढतं, कमी जिंकलात तर उतरतं. आजच्या बहुतेक गेममध्ये दिसणाऱ्या रँकच्या मागं असाच एक न दिसणारा आकडा चालू असतो. म्हणून चांगला खेळाडू नव्या आयडीवर आला आणि जीव लावून खेळला, तर गणित त्याला भराभर वर ढकलतं. थोड्या मॅचनंतर तो आपल्या तोडीच्या लोकांत जाऊन पडतो. आहे की तुमच्यासारखाच पंच, फक्त त्याला चार कुस्त्या बघाव्या लागतात.

मामा : चार कुस्त्यांत चार पोरांची हाडं मोडली, त्याचं काय? आणि मला सांग, गणित त्याला वर ढकलत असेल तर तो गडी महिनोन् महिने खाली कसा सापडतो?

भाची : मुद्दाम हरून. विमानातून उतरायचं आणि उभं राहून मरायचं. पाच-सहा मॅच अशा घालवल्या की रँक पडतो, मग पुन्हा चार दिवस खालच्यांची शिकार. याला माझ्याकडं बचाव नाही. हा हलकटपणा आहे.

मामा : बुद्धिबळातही होतं ना हे? आमच्या शाळेचं एक पोर जातं स्पर्धांना. त्याचे वडील सांगत होते, अमुक रेटिंगच्या आतल्यांसाठी वेगळी स्पर्धा असली आणि बक्षीस मोठं असलं की काही जण आधी छोट्या स्पर्धांत हरून रेटिंग पाडून ठेवतात.

भाची : ही तक्रार जगभर आहे. जिथं कमी असण्याला बक्षीस आहे, तिथं लोक कमी होऊन येतात. आमच्याकडचं बक्षीस म्हणजे व्ह्यूज. 'एकट्यानं चौघांना लोळवलं', 'एका मॅचमध्ये तीस किल', असे व्हिडिओ लोक बघतात. आपल्या तोडीच्या लोकांत तीस किल कुठून निघणार? मग खालच्या लॉबीत जायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय गडी आहे! समोर कोण मरतंय ते कुणी बघत नाही.

मामा : आणि पैशाचं काय? आयडी विकतात म्हणे.

भाची : विकतात. खालून नवी आयडी वर न्यायची आणि तयार रँकसकट विकायची. नाहीतर दुसऱ्याच्या आयडीवर बसून रँक चढवून द्यायचा आणि पैसे घ्यायचे. बहुतेक कंपन्यांच्या नियमात हे बसत नाही. घेणाराही फसतो : मूळ मालक पासवर्ड बदलून आयडी परत घेतो आणि पैसे बुडतात. दक्षिण कोरियात तर पैसे घेऊन रँक चढवून देणं हा गुन्हाच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला, २०१९ च्या जूनपासून लागू झाला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी वॉनपर्यंत दंड.

मामा : असं पाहिजे! आता तुम्हीच म्हणता ना, हा खेळ आहे म्हणून?

भाची : आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याला पदकं होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या गेमवर बंदीचा कायदा आला, त्यातही ई-स्पोर्ट्स वेगळा काढून त्याला खेळ म्हटलंय.

मामा : मग खेळाचा धर्मही पाळा. विनेश फोगट पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेली होती. सकाळी वजन केलं तर पन्नास किलोच्या वर फक्त शंभर ग्रॅम. झाली बाद. माझ्या पोटात तुटलं त्या दिवशी, पण नियमाला नाव ठेवता येईना. कुस्तीत शंभर ग्रॅम चालत नाहीत, आणि तुमच्यात हजार मॅचचा अनुभव एका नव्या जीमेलवर शून्य होतो! मी तर म्हणतो, आधार जोडा. एक माणूस, एक आधार, एक आयडी.

भाची : कोरियात जवळपास तसं आहे. तिथं मोठ्या गेमचं खातं माणसाच्या खऱ्या ओळखीशी बांधलेलं असतं. पण माझं आधार गेमच्या कंपनीकडं गेलं, आणि तिथून फुटलं, तर? मला त्रास देणाऱ्या पोराला माझं खरं नाव आणि गाव सापडलं तर? तुम्ही एका हातानं नाव झाकायचा हक्क दिलात आणि दुसऱ्या हातानं काढून घेताय. आणि मामा, आधार मागायच्या आधी घरातलं बघा. मधे बंद झालेलं बीजीएमआय २०२३ मध्ये परत आलं, तेव्हा अठरा वर्षांच्या आतल्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घातली होती. आपला धाकटा कधी चार तास, कधी पाच तास खेळतो. त्याच्या आयडीवर वय काय टाकलंय, विचारलंत?

मामा : विचारतो आज.

भाची : रागावू नका. मला एवढंच दाखवायचंय की 'मी आहे त्यापेक्षा वेगळा' असं सांगून आत येणारे फक्त आम्हीच नाही. उलट काही लोक तर नाइलाजानं नवखे झाले. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत त्याच्या जागी बीजीएमआय आलं, तेव्हा जुन्या खात्याचा डेटा आणायची सोय काही काळच होती. ज्यांची ती चुकली, ते मुरलेले गडी कोऱ्या आयडीवर ब्राँझपासून सुरू झाले. त्यांना काय म्हणणार?

मामा : काही नाही म्हणणार. ते वर चढले असतील आपोआप. चढायला नकार देणारा वेगळा. आणि कंपन्या काहीच करत नाहीत का?

भाची : काही करतात. 'डोटा टू' चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१७ मध्ये रँक मॅचसाठी फोन नंबर सक्तीचा केला. २०२३ च्या सप्टेंबरात त्यांनी एका दमात ९०,००० स्मर्फ खाती बंद केली आणि बजावलं की यापुढं मेन खात्यालाही झळ बसेल. त्याच वर्षी नाताळात काही जणांना गेममध्ये भेटीचा डबा आला. हौसेनं उघडला तर आत कोळसा, आणि खातं बंद.

मामा : हा पंच आवडला आपल्याला.

भाची : मला पण. आणि एक गंमत सांगते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी तीनशेहून जास्त खेळाडूंना याबद्दल विचारलं, २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांना स्मर्फ आवडत नव्हते. आणि त्यांतल्याच ६९ टक्के लोकांनी कबूल केलं की आपणही कधी ना कधी असं खेळतो. वर म्हणणं काय, तर दुसरे खेळतात ते त्रास द्यायला, आम्ही खेळतो त्याला कारणं आहेत.

मामा : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तू मघापासून कारणांचीच माळ ओढतेयस, लक्षात आलं का?

भाची : आलं. म्हणून तर सांगितलं.

मामा : मग आता एक सरळ विचारतो. ही तुझी दुसरी आयडी आता कुठल्या रँकला आहे?

भाची : क्राऊनला पोचतेय.

मामा : म्हणजे मेनच्या खालोखाल. ती पण एसला गेली, तिच्यावरचेही पॉइंट जपायची वेळ आली, मग काय? तिसरी उघडणार?

भाची : ... बहुतेक.

मामा : इथंच घोडं पेंड खातंय बघ. सराव, मैत्रीण, वेळ, ही सगळी कारणं खरी असतील. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एकच आहे : मेनवर हरलेलं लोकांना दिसतं. दुसरीवर हरलेलं कुणाच्या खात्यावर जात नाही. दुसरी आयडी म्हणजे न हरता हरायची सोय. पण ती सोय तुम्ही खाली आहात तोवरच टिकते. म्हणून तर लोक वर चढायला तयार नसतात. तालमीत मी पोरांना पहिलं काय शिकवत असेन, तर पडायला. पाठीला माती लागल्याची लाज वाटायला लागली की पैलवान कुस्त्या निवडून धरायला लागतो, आणि कुस्त्या निवडायला लागला की तो संपला.

भाची : तुम्ही म्हणता ते मला लागलं, पण निम्मंच पटलं. लाज आमच्या डोक्यातून निघाली नाही, ती समोर टांगलेली असते. रँकचा बिल्ला नावाशेजारी झळकतो. केडी, म्हणजे किती मारले आणि किती वेळा मेलो याचा हिशेब, कुणीही उघडून बघतं. चांगल्या टीमला स्क्रिम्ससाठी, म्हणजे टीमच्या सराव सामन्यांसाठी, खेळाडू हवा असला की आधी रँक विचारतात, खेळ नंतर बघतात. तुमच्या पैलवानाच्या कपाळावर कालच्या हरलेल्या कुस्तीचा आकडा गोंदवलेला नसतो. हा बिल्ला जोवर इतका महाग आहे, तोवर लोक तो घरी ठेवून बाहेर पडणार. कंपन्यांनी नाव झाकून खेळायची सोय मेनवरच द्यावी. सरावाची अशी रांग ठेवावी जिथं माणसं खरी असतील, पण पॉइंट जाणार नाहीत. दुसऱ्या आयडीची निम्मी गरज तिथंच संपेल.

मामा : आणि उरलेली निम्मी?

भाची : उरलेली म्हणजे शिकार. तिला कोळशाचा डबा.

मामा : यावर आपलं जमलं. पण कंपनी सोय करील तेव्हा करील. तोवर तू काय करणार?

भाची : दुसरी ठेवणार. नाव झाकायला. पण तिच्यावर पूर्ण ताकदीनं खेळणार, मुद्दाम एकही मॅच सोडणार नाही. चढली तर चढू दे. मैत्रिणीबरोबर बसायचं तर कस्टम रूम नाहीतर टीडीएम. तिथं जे येतात त्यांना कोण कोण आहे ते ठाऊक असतं.

मामा : आणि तिसरी?

भाची : तिसरीचं वचन मागू नका. खोटं बोलायला लावाल.

मामा : बरं, नको. मग धाकट्याचं एक काम कर. त्याला त्या सिक्स-एक्सचं काहीतरी शिकव. तो सारखा विचारतोय. पण बसायचं मेनवरून. समोर तुझ्या तोडीचे येऊ देत, चार वेळा तो मरू दे, तुझे पॉइंट जाऊ देत.

भाची : बसते की. फक्त हा सीझन संपू द्या. नवा सुरू झाला की सगळ्यांचाच रँक खाली येतो, तेव्हा पॉइंट गेले तरी फार लागत नाही.

मामा : म्हणजे खिसा रिकामा झाल्यावर दानधर्म!

भाची : आणि तुम्ही आधी त्याचं वय नीट भरा. तीन तासांत शिकवून संपवायचंय मला.